नॉन-क्रिमीलेअर आहे तरी फी माफ नाही? आमचं उत्पन्न नक्की किती धरायचं?

डबेवाली_धनकवडी | १९ ऑगस्ट, रात्री ११.०४

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, पैशांच्या विभागात पहिल्यांदाच येतेय. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

लेकीला कॅपच्या (म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत पुण्यातल्याच एका विनाअनुदानित कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला सीट लागली. आम्ही ओबीसी. नॉन-क्रिमीलेअर (ओबीसीतल्या सधन गटात आम्ही मोडत नाही, असं प्रमाणपत्र) हातात आहे. मुलींची फी माफ झालीय हे दोन वर्षं ऐकतोय, त्यामुळे घरात पेढेबिढे वाटून झाले. काल कॉलेजात कागद द्यायला गेलो तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "उत्पन्नाचा दाखला?" म्हटलं, नॉन-क्रिमीलेअर लावलंय की. तर म्हणे, "ते सीटसाठी. फीसाठी उत्पन्नाचा दाखला वेगळा, आठ लाखांच्या आतला. नसेल तर पूर्ण फी भरा." शिक्षण शुल्क १,२०,००० आणि वर विकास शुल्क १५,०००. परत येताना स्कूटरवर दोघंही गप्प.

आता आमचं घर सांगते. मिस्टर चाकणला एका कंपनीत. यंदाच्या वाढीच्या पत्रावर वर्षाचे ८,३१,००० लिहिलेत. मी पाच डबे देते, सगळी कॉलेजची मुलं. सासरे आमच्याकडेच असतात, त्यांना महिना २४ हजार पेन्शन. पुरंदरला सासऱ्यांच्या वाटणीची २२ गुंठे जमीन आहे, सातबाऱ्यावर मिस्टरांचं आणि दोन दिरांचं नाव लागलंय. रेशनकार्ड केशरी. आणि आता सांगूनच टाकते, लाडकी बहीणचे दीड हजार मला येतात.

हे सगळं मिळवलं तर आम्ही आठ लाखांच्या कितीतरी बाहेर जातो. शेजारच्या वहिनी म्हणतात, एजंटला हजार रुपये दे, पाच लाखांचा दाखला आणून देतो. मिस्टर नको म्हणतात. मलाही नकोय, पण झोप येत नाहीये.

---

पुणेरी_खवट | १९ ऑगस्ट, रात्री ११.२०

पेढे आधी आणि शासन निर्णय नंतर वाचायचा, ही आपली राष्ट्रीय पद्धत आहे. अभिनंदन मात्र मनापासून. कॉम्प्युटर म्हणजे चांगलीच बाजी मारली पोरीने.

---

अव्वल_कारकून_निवृत्त | २० ऑगस्ट, सकाळी ६.४१

ताई, आधी एजंटचा विषय संपवू. महसुलात बत्तीस वर्षं काढली. खोटा दाखला आज ना उद्या उघडा पडतो, तेव्हा मिळालेली रक्कम वसूल होते आणि स्वयंघोषणापत्रावरची सही तुमची असते. एजंट तोवर फोन नंबर बदलून मोकळा झालेला असतो.

आता मूळ गोंधळ. हा तुमचा एकटीचा नाही, निम्म्या पुण्याचा आहे. नॉन-क्रिमीलेअर हे काही कुटुंबाच्या उत्पन्नाचं प्रमाणपत्र नव्हे. त्यात आधी आई-वडिलांचा हुद्दा बघतात, मग उत्पन्न. आणि उत्पन्न बघताना पगार आणि शेती यांचे पैसे इतर उत्पन्नात मिळवत नाहीत. शिवाय सलग तीन वर्षांचा हिशेब असतो. म्हणून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाचा पगार अकरा लाख असला तरी त्याच्या मुलीला नॉन-क्रिमीलेअर मिळू शकतं. तीच मुलगी फीमाफीला गेली की तोच पगार पहिल्या ओळीत येऊन बसतो. आठ लाख हा आकडा दोन्हीकडे एकच आहे, त्यामुळे लोकांना वाटतं एकच नियम आहे. आकडा एक, मोजमाप दोन.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुली, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाख किंवा कमी, व्यावसायिक अभ्यासक्रम, प्रवेश कॅपमधून. मग शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. त्याआधी हेच निम्मं होतं. मॅनेजमेंट कोट्याला हे नाही. तुमची सीट कॅपची आहे, म्हणजे अर्धी लढाई झाली.

बाकीचं संध्याकाळी लिहितो, फिरायला जायचंय.

---

सीए_होता_होता | २० ऑगस्ट, सकाळी ९.१५

काकू, एकच प्रश्न. ८,३१,००० हा आकडा वाढीच्या पत्रावरचा ना? म्हणजे सीटीसी, कंपनीला पडणारा एकूण खर्च. त्यात कंपनी भरते तो पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता असं सगळं कोंबलेलं असतं. ते काकांचं त्या वर्षाचं करपात्र वेतन नाही. शिवाय पत्र यंदाचं आहे. तुम्हाला या प्रवेशासाठी २०२४-२५ या आर्थिक वर्षाचं उत्पन्न दाखवायचंय. फॉर्म १६ (कंपनी देते तो पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) काढा, त्यात कलम १७(१) समोरचा आकडा बघा आणि इथे लिहा.

आणि एफडी आहे का कुठे?

---

खिडकी_नंबर_तीन | २० ऑगस्ट, दुपारी १.५०

मी एका कॉलेजात शिष्यवृत्ती विभागात आहे. (नाही, धनकवडीताईंच्या कॉलेजात नाही. आमच्याकडे अजून पेढे आलेले नाहीत.)

आमच्या बाजूने सांगते. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज भरताना उत्पन्नाच्या दाखल्याचा बारकोड क्रमांक टाकावा लागतो, आणि तो टाकला की दाखल्यावरची माहिती पोर्टल स्वतः ओढून घेतं. त्यामुळे जुना, हाताने लिहिलेला, कुणाच्या ओळखीने आणलेला कागद तिथेच अडकतो. दाखल्याची मुदत ३१ मार्चपर्यंत असते. दरवर्षी पाच-सहा पालक गेल्या वर्षीचा दाखला घेऊन येतात आणि आमच्यावरच ओरडतात.

दुसरं, "फी माफ" म्हणजे पावती शून्याची नव्हे. विकास शुल्क, वसतिगृह, खानावळ, बस हे त्यात नाही. तुमचे ते १५,००० तुम्हालाच भरायचेत. हे आधीच सांगून ठेवलं की नंतर भांडण होत नाही.

तिसरं, मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते आजच बघा. नुसतं केवायसी झालं म्हणजे झालं असं नाही, थेट लाभासाठी तेच खातं आधारशी मॅप झालेलं लागतं. आमच्याकडे एका मुलाचे पैसे त्याच्या पाचवीत काढलेल्या गावच्या खात्यात गेले होते. खातं आजोबांच्या लक्षात होतं म्हणून बरं.

---

डबेवाली_धनकवडी | २० ऑगस्ट, दुपारी ४.३०

सीए दादा, तुझ्या तोंडात साखर पडो. मिस्टरांना फोन करून फॉर्म १६ मागवला. १७(१) समोर ७,५२,९१८ आहे. मी काल रात्रभर ८,३१,००० वर रडत होते.

एफडी एक आहे, व्याज ३,४१०.

आता डब्यांचं सांगा. महिना २,४०० प्रमाणे पाच डबे, १२,०००. दिवाळीत आणि मे महिन्यात मुलं घरी जातात, म्हणजे दहा महिने. वर्षाचे १,२०,०००. हे धरले तर मी पुन्हा बाहेर!

---

पुणेरी_खवट | २० ऑगस्ट, दुपारी ४.४४

डबे लिहूच नका. आख्ख्या पुण्यात डबेवाल्यांनी उत्पन्न दाखवायचं ठरवलं तर देशाचं सकल उत्पन्न एका रात्रीत वाढेल.

---

अव्वल_कारकून_निवृत्त | २० ऑगस्ट, सायं. ७.०५

खवट, तुम्ही गंमत करा, पण तिला चुकीचा सल्ला देऊ नका. ताई, डबे लिहायचे. पण उलाढाल नाही लिहायची, उत्पन्न लिहायचं. रोजच्या भाजीचा, तेलाचा, सिलिंडरचा खर्च वजा करून हातात राहतं ते. वहीत हिशेब असेल ना?

---

डबेवाली_धनकवडी | २० ऑगस्ट, रात्री १०.१२

वही आहे. लेकीच्या सातवीच्या गणिताच्या उरलेल्या पानांवर लिहिते. बसून बेरीज केली. किराणा आणि भाजी मिळून महिना साधारण ७,२००. डब्यांमुळे एक सिलिंडर जास्त लागतो, साडेआठशे धरा. म्हणजे दहा महिन्यांचे ८०,५००. उरतात ३९,५००. एका डब्यामागे वर्षाला ७,९००. रोज पहाटे पाचला उठून दिवसाला किती पडतात ते काढलं नाही, काढायचंही नाही.

पुरंदरची जमीन चार वर्षं पडीक आहे, सातबाऱ्यावरही पडच लागलीय.

मग ७,५२,९१८ अधिक ३९,५०० अधिक ३,४१०. म्हणजे ७,९५,८२८. बरोबर का हो? चार हजारांनी आत आहोत? माझा विश्वासच बसत नाहीये. मिस्टर म्हणतात पुन्हा एकदा बेरीज कर.

---

सीए_होता_होता | २० ऑगस्ट, रात्री १०.३०

बरोबर आहे. ४,१७२ रुपयांनी आत. खरं तर नव्या करप्रणालीत पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट जाते, त्यामुळे विवरणपत्रावरचं एकूण उत्पन्न याहूनही कमी दिसेल. ते दाखवलं तर...

---

अव्वल_कारकून_निवृत्त | २१ ऑगस्ट, सकाळी ६.३८

त्या वजावटीच्या नादी लागू नका. वजावट कर कमी करायला असते, पगार कमी करायला नाही. माझ्या टेबलावर फॉर्म १६ आला की मी पगाराचा एकूण आकडा धरत असे, आणि आजही बहुतेक ठिकाणी तेच होतं. ज्याची मोजणी वजावटीशिवायच मर्यादेत बसते, त्याने वाद कशाला ओढवून घ्यावा?

---

मुळशीकर | २१ ऑगस्ट, सकाळी ९.५५

माझा अनुभव लिहितो, कुणाच्या कामाला आला तर.

२०२३-२४ ला आमच्या कंपनीत वेतन करार झाला आणि अठरा महिन्यांची थकबाकी एकरकमी आली. नेहमीचा पगार पावणेसात लाख, त्या वर्षी फॉर्म १६ वर झाला ८ लाख ६० हजार. मी खूश होतो, मोटरसायकल घेतली. मग मुलीच्या दुसऱ्या वर्षाच्या अर्जावेळी कळलं, फीमाफी गेली. मी वाद घातला, की ही थकबाकी मागच्या वर्षांची आहे, फॉर्म १०ई भरलाय, आयकर खात्याने कलम ८९ खाली सवलत दिलीय. समोरच्याने शांतपणे सांगितलं, सवलत कराची आहे हो, उत्पन्न तेवढंच राहतं. बरोबर होतं त्याचं. कर वाचला एकोणीस हजार, फी भरली सव्वा लाख.

चांगली बाजू अशी, की पुढच्या वर्षी पगार पुन्हा नेहमीवर आला आणि मुलगी पुन्हा योजनेत बसली. आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही तो निर्णय लागू आहे. एक वर्ष हुकलं म्हणजे चारही वर्षं गेली असं समजून कुणी अर्ज करणं सोडू नका.

मोटरसायकल अजून आहे. सर्व्हिसिंगला नेली की मुलगी म्हणते, माझं सेकंड इयर चाललं बघा.

---

शेवंता_७९ | २१ ऑगस्ट, सकाळी ११.१८

हे आठ लाखांचं दार म्हणजे गंमतच आहे. ७,९९,९९९ ला सगळी फी माफ, ८,००,००१ ला एक रुपयाही नाही. मधे पायरीच नाही, थेट कडा. पूर्वीसारखं निम्मं तरी ठेवलं असतं वरच्यांना.

आणि सगळ्यांनी तोच आकडा धरलाय. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला आठ, एआयसीटीईच्या मुलींसाठीच्या प्रगती शिष्यवृत्तीला आठ, पीएम विद्यालक्ष्मीच्या व्याजसवलतीला आठ. एका ठिकाणी बाहेर पडलात की सगळीकडून एकदमच बाहेर.

---

सीए_होता_होता | २१ ऑगस्ट, दुपारी १२.०२

+१. आणि ओबीसींची क्रिमीलेअरची आठ लाखांची मर्यादा २०१७ पासून तिथेच आहे. तेव्हाचा ७ लाखांचा कामगार नुसत्या वार्षिक वाढीने आज १० च्या पुढे गेलाय. तो श्रीमंत झाला का, ते त्याच्या किराणावाल्याला विचारा.

---

स्वारगेट_लास्ट_बस | २१ ऑगस्ट, रात्री ११.४०

आठ लाखांची चर्चा वाचून हसू येतंय. आमच्याकडे कडा अडीच लाखांवर आहे.

मी बार्शीचा, अनुसूचित जाती, पुण्यात एमएस्सीला. धनकवडीतच तिघांत एक खोली. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून स्वाधार योजनेचे राहण्या-जेवणाचे पैसे मिळायचे. पुण्यासाठी वर्षाला ६०,०००: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, किरकोळ निर्वाहाचे ८,०००. अट, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत.

वडील एका कारखान्यात वॉचमन. गेल्या वर्षी जोडीदार आजारी पडला म्हणून त्यांनी चार महिने डबल ड्युटी केली. उत्पन्न गेलं २,५८,००० वर. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती गेली, स्वाधार गेलं. फ्रीशिप आहे म्हणून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क तरी वाचलं, अनुसूचित जातीला तिथे वरची मर्यादा नाही. पण पोटाचं काय?

वडिलांना मी सांगितलंच नाही. त्यांना वाटतं त्यांच्या डबल ड्युटीने मला मदत झाली. मर्यादेवरचे ८ हजार आम्हाला ६० हजारांना पडले.

---

अव्वल_कारकून_निवृत्त | २२ ऑगस्ट, सकाळी ६.५०

बाळा, वाचून वाईट वाटलं. यंदा वडिलांची डबल ड्युटी नसेल तर नवा दाखला काढून पुन्हा अर्ज कर, सोडू नकोस. विद्यापीठात कमवा व शिका आहेच, चौकशी केलीस का? विद्यार्थी साहाय्यक समितीही बघ. १९५५ पासून बाहेरगावच्या मुलांची राहण्या-जेवणाची सोय करतात, तिथे आकड्यापेक्षा माणूस बघतात.

---

डबेवाली_धनकवडी | २२ ऑगस्ट, सकाळी ८.०५

स्वारगेट, तू धनकवडीत कुठे राहतोस? नंतर बोलू.

काका, माझे दोन प्रश्न राहिलेत. सासऱ्यांची पेन्शन आणि माझी लाडकी बहीण.

---

अव्वल_कारकून_निवृत्त | २२ ऑगस्ट, सायं. ६.२०

पेन्शन. तुम्हाला दाखला हवा मुलीच्या शिक्षणासाठी, त्यात बघायचं आई-वडिलांचं एकत्रित उत्पन्न. आजोबा एका चुलीवर जेवतात म्हणून त्यांची पेन्शन वडिलांची होत नाही. ईडब्ल्यूएसच्या नियमात तर कुटुंब कोण हे मोजून सांगितलंय: अर्जदार, तिचे आई-वडील, अठरा वर्षांखालची भावंडं, लग्न झालं असेल तर जोडीदार आणि अठरा वर्षांखालची मुलं. आजोबा त्यात नाहीत. तुम्ही ईडब्ल्यूएस नाही, पण रोख कळतो. फक्त एक होईल. रेशनकार्डावर त्यांचं नाव आहे, ते बघून कुणीतरी विचारणार. तयारीने जा. (विधवा आईला मिळणारं कुटुंब निवृत्तीवेतन मात्र आईचंच उत्पन्न, ते धरावंच लागतं. दरवर्षी कुणीतरी विचारतं म्हणून आधीच लिहितो.)

आता लाडकी बहीण. रागावू नका. त्या योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. तुम्ही फॉर्म कसा भरलात?

---

डबेवाली_धनकवडी | २२ ऑगस्ट, रात्री ९.३३

केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही म्हणून अंगणवाडीत रांगच लागली होती, मीही उभी राहिले. कुणी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. खोटं कुठे लिहिलं नाही, असं मी मनाला सांगत होते.

---

शेवंता_७९ | २२ ऑगस्ट, रात्री ९.५०

केशरी कार्डाची मर्यादा एक लाख आहे, हे किती जणांना आठवतंय? १५ हजारांपर्यंत पिवळं, १५ हजार ते एक लाख केशरी, त्यावर पांढरं. चाकणच्या पगारावर केशरी कार्ड म्हणजे मिस्टर नोकरीला लागायच्या आधीचं असणार.

---

डबेवाली_धनकवडी | २२ ऑगस्ट, रात्री ९.५८

सासऱ्यांच्या तरुणपणीचं आहे. त्यावर माझं नाव पेनाने वाढवलंय.

---

सीए_होता_होता | २२ ऑगस्ट, रात्री १०.२०

म्हणजे बघा काकू, एकाच घराची तीन उत्पन्नं झाली. रेशनकार्डावर एक लाखाच्या आत, लाडकी बहीणला अडीच लाखांच्या आत, आणि आता दाखल्यावर ७,९५,८२८. आजवर हे तीन कागद कधी एकमेकांना भेटले नव्हते. आता सगळ्यांत आधार क्रमांक आहे, भेटायला किती वेळ लागणार? सव्वा लाखाच्या फीमाफीसमोर दीड हजारांचा जीव केवढा. ते स्वतःहून बंद करा.

---

पुणेरी_खवट | २२ ऑगस्ट, रात्री १०.३१

आणि खात्यावरचा शेवटचा हप्ता आला की पेढे आणा. आम्ही अजून वाट बघतोय.

---

डबेवाली_धनकवडी | ११ सप्टेंबर, रात्री १०.४५

मंडळी, धागा वर काढतेय. दाखला मिळाला!

कसं झालं ते लिहिते, पुढच्यांना उपयोगी पडेल. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, पोरीची अजून तीन वर्षं जायचीत.

महा-ई-सेवा केंद्रातून अर्ज भरला. फॉर्म १६, बँकेचं एफडीच्या व्याजाचं पत्र, पडीक जमिनीचा सातबारा, आणि डब्यांच्या उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र. केंद्रातला मुलगा म्हणाला, ५०० चा स्टॅम्प आणा. मी म्हटलं, दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला तो आता माफ झालाय, साध्या कागदावर चालतं. त्याने माझ्याकडे असं बघितलं जणू मी मंत्रालयातून आलेय. (हे मला इथल्याच एका जुन्या धाग्यावरून कळलं होतं.)

आठव्या दिवशी मेसेज आला, अर्जात त्रुटी. गेले. खिडकीतल्या भाऊसाहेबांनी केशरी कार्डावर बोट ठेवलं, "हे आजोबा पेन्शनर ना? मग त्यांचे २ लाख ८८ हजार मिळवा." ते मिळवले की आम्ही थेट पावणेअकरा लाखांवर. काकांनी सांगितलं होतं म्हणून तयारीने गेले होते. सासऱ्यांच्या पेन्शनच्या पासबुकाची झेरॉक्स आणि त्यांचं स्वतःचं पत्र, की ही पेन्शन माझी, माझ्या औषधपाण्याला लागते, नातीच्या आई-वडिलांच्या उत्पन्नात ती नाही. बरोबर शासन निर्णयाची प्रत, पालकांच्या उत्पन्नाच्या ओळीखाली पिवळी रेघ मारून.

त्यांनी वाचलं नाही. म्हणाले, उद्या या. मी म्हटलं, उद्या नाही, डबे टाकून आलेय, आता इथेच बसते. बाकावर बसून दीड तास वाट पाहिली. शेजारी एक आजी संजय गांधी निराधारच्या कामासाठी बसल्या होत्या, त्यांनी मला लिमलेटची गोळी दिली. शेवटी आतून एक बाई आल्या, त्यांनी कागद उभ्या-उभ्याच वाचले आणि खिडकीतल्यांना म्हणाल्या, "आजोबांचं कशाला धरता? दाखला कुणासाठी मागितलाय बघा की." एवढंच. दीड तास एका वाक्यासाठी.

परवा दाखला आला. "सात लाख पंच्याण्णव हजार आठशे अठ्ठावीस फक्त." ते 'फक्त' वाचून मिस्टर हसले.

काल कॉलेजात दिला. बारकोड टाकला आणि माहिती आपोआप आली. विकास शुल्काचे १५,००० भरले, डब्यांच्या पैशांतून. लाडकी बहीणसाठी अंगणवाडीत लेखी अर्ज दिला, की माझा लाभ बंद करा. ताई म्हणाल्या, असा अर्ज कुठे ठेवायचा तेच माहीत नाही. पोचवर सही घेतली.

---

खिडकी_नंबर_तीन | १२ सप्टेंबर, सकाळी १०.०५

अभिनंदन! पोच जपून ठेवा. आणि मुलीला सांगा, अर्ज कॉलेज स्तरावर आहे की पुढे गेला, हे दर आठवड्याला लॉगिन करून बघायचं. अर्ज परत पाठवला गेला तर दुरुस्तीचे दिवस मोजके असतात, आणि मुलं मेसेज बघत नाहीत.

---

मुळशीकर | १२ सप्टेंबर, दुपारी १.१५

मस्त. आता काकांना सांगा, मार्चपर्यंत ओव्हरटाइम नको.

---

डबेवाली_धनकवडी | १२ सप्टेंबर, रात्री ९.२०

तेच तर चाललंय आमच्याकडे. काल सुपरवायझरने दोन रविवार विचारले, मिस्टर नाही म्हणाले. वीस वर्षांत पहिल्यांदा. आणि यंदाची वाढ धरली तर मार्चअखेर आम्ही कडेच्या आत आहोत की बाहेर, हे मला अजून नीट कळत नाहीये. सीए दादा, सॅलरी स्लिपा पाठवते तुला.

---

स्वारगेट_लास्ट_बस | २१ सप्टेंबर, रात्री ११.५२

काकू, अभिनंदन. उशिरा वाचलं. वडिलांचा नवा दाखला २,३९,००० चा आला, स्वाधारचा अर्ज भरलाय. तुम्ही विचारलं होतं, मी धनकवडीत शेवटच्या स्टॉपच्या मागे राहतो. मेस बंद केलीय दोन महिने. तुमच्याकडे सहावा डबा होईल का?

---

डबेवाली_धनकवडी | २२ सप्टेंबर, पहाटे ५.१०

एक डबा म्हणजे वर्षाला ७,९००. माझ्याकडे जागा ४,१७२ ची.

उद्यापासून ये. चपात्या किती लागतात ते सांग. पैसे एप्रिलपासून दे.

---

अव्वल_कारकून_निवृत्त | २२ सप्टेंबर, सकाळी ६.४४

हा शेवटचा प्रतिसाद मी वाचलेला नाही.